बटणावरचा पैलवान

आमच्या साडूंइतका अजिंक्य माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल. अजिंक्य अशासाठी, की ते आजवर कोणाकडूनही हरलेले नाहीत. आणि हरले नाहीत ते अशासाठी, की ते आजवर कोणाशी लढलेलेच नाहीत. पण औंढ्याच्या घरी ओसरीवर चहा पिताना त्यांचा चेहरा बघा. माणूस आत्ताच तीन डोंगर फोडून आलाय आणि चौथ्याला हात घालण्याआधी जरा घसा ओला करतोय, असं वाटेल. छाती म्हणाल तर शर्टाच्या दुसऱ्या बटणाला कधी ताण पडलेला मी पाहिला नाही. दंड असे, की मनगटावरचं घड्याळ हात वर केला की थेट कोपरापर्यंत घसरत येतं. या सामग्रीवर हा मनुष्य स्वतःला लढवय्यांच्या जातीतला समजतो आणि ते मनापासून समजतो, हीच तर पंचाईत आहे.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू या नात्यात दोन माणसांना एकमेकांबद्दल प्रेम वाटावं, अशी सोय आपल्या पूर्वजांनी ठेवलेली नाही. एकाच सासऱ्याच्या ओसरीवर दोन जावई शेजारी बसवायचे आणि तूप कोणाच्या भातावर जास्त पडतं ते त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचं, एवढंच या नात्याचं काम. त्यातून हे घरजावई. सासऱ्यांना मुलगा नाही, दोन मुलीच, म्हणून औंढ्याचं घर आणि भातखाचरं सांभाळायला थोरले जावई तिथेच राहिले. मी तळेगावला कारखान्यात तपासणी खात्यात. वस्तूत खोट कुठे आहे ते शोधायचं, हा माझा धंदा. रविवारी औंढ्याला गेलं की मला सुट्टीच्या दिवशीही काम मिळायचं.

साडूंच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते तरुणपणी. लोणावळ्याच्या बाजारात तेव्हा व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं आणि साडू तिथे टोकनं द्यायला होते. टोकन पेटीत टाकलं की पडद्यावर दोन माणसं समोरासमोर येऊन उगाचच झुलत उभी राहायची. मग एकाच्या तळहातातून वीज निघायची, दुसरा टाच आपटून पहिल्याला छपरापर्यंत उडवायचा, आणि एवढं होऊनही दोघांचे केस जागचे हलायचे नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी असायची. मार बसला की ती कमी कमी व्हायची, थोडी उरली की लाल होऊन लुकलुकायची आणि संपली की माणूस आडवा. दुकान बंद पडलं, मालकानं भंगारात काढलेली एक पेटी साडूंनी टेम्पोत घालून औंढ्याला आणली आणि गोठ्यात उभी केली. तिचा पडदा कधीच गेलेला. म्हैस तिच्यावर मान घासते. साडू मात्र सकाळी धारा काढून झाल्या की त्या काळ्या पडद्यासमोर उभे राहून दांडा गरागरा फिरवतात आणि बटणं बडवतात. एकदा मी विचारलं, "भाऊ, दिसत तर काही नाही, मग जिंकताय की हरताय ते कसं कळतं?" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "पाव्हणं, हरताना बोटाला कळतं."

ती पट्टी मात्र पेटीतून बाहेर आली आणि गावभर पसरली. साडूंना ती प्रत्येक माणसाच्या डोक्यावर दिसते. मी उंबऱ्यात पाऊल टाकायचा अवकाश, की डोक्याच्या वर वीतभर नजर लावून म्हणणार, "अर्ध्यावर आली ओ पट्टी तुमची. रातपाळी व्हती का?" आणि दुर्दैव असं, की ती बहुतेक वेळा असायचीच. पाणी भरून आलेल्या बायकांना, शाळेतून आलेल्या मास्तरांना, वासराला, सगळ्यांना ते पट्टी सांगतात. एका लग्नात नवरदेवाला, ऐन अक्षता पडताना, "पट्टी सांभाळून ऱ्हा" असा आशीर्वाद त्यांनी दिला. मुलीकडच्यांनी त्याचा भलताच अर्थ काढला आणि त्यांची समजूत पटायला जेवणाच्या दोन पंगती उठाव्या लागल्या.

पेटीतल्या त्या अचाट लढवय्यांची आणखी एक खोड आहे. ठोसा मारण्याआधी ते त्या ठोशाचं नाव ओरडून सांगतात. समोरच्याला बेसावध गाठायचं सोडून आधी दवंडी पिटायची, हा कुठला शहाणपणा, ते त्यांचं त्यांना ठाऊक. साडूंनी तो जसाच्या तसा उचलला. लोणच्याची बरणी उघडायची असली तरी दोन्ही पाय फाकवून उभे राहणार आणि "नागफणी पीळ!" म्हणून गर्जना करणार. बरणी उघडत नाही. मग अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपुढून उठतात, पदराला हात पुसतात आणि कुठल्याही नावाशिवाय झाकण काढून ठेवतात. एकदा खाचराच्या कडेला कोणाची तरी जीप रुतली. सगळे ढकलायला लागले. साडू मागे सरले, श्वास भरला आणि "सह्यकडाऽऽ धडक!" ओरडत धावत आले. नाव एवढं लांबलचक, की ते 'कडा'पर्यंत पोहोचले तोवर जीप निघून रस्त्याला लागली होती आणि साडू मोकळ्या चिखलात तोंडावर गेले. वर चिखल पुसत सगळ्यांना सांगतात, "नावानंच निघाली."

भुशीच्या धरणावरचा प्रकार तर मी स्वतः पाहिला. त्यांच्या लढवय्यांनी म्हणे धबधब्याखाली उभं राहून तप करायचं असतं. आमच्याकडे धबधब्याला रविवारी रांग असते, म्हणून साडू धरणाच्या पायऱ्यांवर, वाहत्या पाण्यात, डोळे मिटून हात जोडून उभे राहिले. भोवती भिजायला आलेली शंभर माणसं, कोणी भजी खातंय, कोणी फोटो काढतंय. हा निश्चल पुरुष बघून पुण्याच्या एका बाईंनी हातातल्या मक्याच्या कणसासकट त्यांना नमस्कार केला. दुसऱ्यांनी केला. छोटीशी गर्दी जमली. तेवढ्यात साडूंच्या एका पायातली चप्पल पाण्याबरोबर निघाली. तपस्व्यानं डोळे उघडले, "आर्र, चप्पल!" म्हणून आरोळी ठोकली आणि भाविकांना कोपरानं बाजूला सारत पायऱ्या उतरत सुटले. हे एकच नाव मी त्यांच्या तोंडून वेळेवर निघालेलं ऐकलं.

पुढे ते लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करायला लागले. तिथे एकदा काही जपानी इंजिनिअर महिनाभर राहिले आणि जाताना चित्रांच्या पुस्तकांचं एक खोकं ठेवून गेले. जाड पुस्तकं, हलका कागद, पानापानावर मारामारी. साडूंना जपानी येत नाही, पण त्याची त्यांना कधी अडचण झालेली नाही. त्यांनी पुस्तकं आपली घ्यायची तशी घेतली, डावीकडून उघडली आणि खोक्यात वरून खाली वाचत सुटले. आता त्यातली गोम अशी, की जपान्यांची ही पुस्तकं उजवीकडून वाचतात. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. आमच्या कारखान्यात येणाऱ्या जपानी पाहुण्यांच्या हातात मी तशी पुस्तकं पाहिली होती. साडूंनी म्हणजे सगळी कथाच शेंडीकडून धरली होती. गोष्ट खरी एवढीच, की एक गरीब पोर घरातून निघतं, अंग कमावतं, एकेकाला लोळवतं आणि शेवटी डोंगर फोडून जगाच्या माथ्यावर उभं राहतं. साडूंच्या वाचनात तो जगाच्या माथ्यावरच सुरू होतो. मग फुटलेला डोंगर गोळा होतो, धुळीत पडलेला शत्रू ठोसा बसताच ताडकन उभा राहतो, नाकातलं रक्त नाकात परत जातं आणि दोघंही एकमेकांना न ओळखता आपापल्या वाटेनं जातात. शेवटी त्या महाबलीचं लहान पोर होतं.

यावरून त्यांनी सिद्धांत काढला, की खरा ठोसा मारत नाही, बरा करतो. शेजारच्या काकांची मान अवघडली तेव्हा त्यांनी तो वापरलाही. काका आधी आठवडाभर डावीकडे बघत होते, त्यानंतर आठवडाभर उजवीकडे बघत होते. साडूंच्या मते ही निम्मी गुणकारी ठरलेली केस आहे. पुस्तकं उलटी वाचताय, हे मी पहिल्याच दिवशी सांगू शकलो असतो. पण हुकमाचा एक्का कोणी पहिल्याच हाताला टाकत नाही. चांगली भरलेली पंगत बघून, सगळ्यांसमोर, सावकाश सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

या सगळ्या तमाशावर खरा उतारा घरातच होता. आमचे सासरे, आबा. आबा पैलवान होते, मातीतले. दोन्ही कान मोडून पुरीसारखे झालेले. मावळातल्या जत्रांतून पोरवयात रेवड्यांच्या बक्षिसावर कुस्ती धरली, मग नारळावर, मग फेट्यावर, आणि शेवटी चांदीची गदा घेऊन आले. ती गदा त्यांच्या खाटेच्या डोक्याशी टांगलेली असायची. अशा माणसाच्या नशिबी बटणं बडवणारा घरजावई यावा, याला दैवाची चेष्टाच म्हणायची. मला आबा "पाव्हणं" म्हणत आणि मानानं बोलत. साडूंना "बटनावरचा पैलवान". तरी दुपारी ते पुस्तक मात्र बघत. साडू पान धरायचे आणि आबा तपासणी करायचे.

"ह्यो उडी मारून वरच थांबला व्हय रं?"

"वरच, आबा. हवेत हुबा ऱ्हाऊन त्याला बोलतोय."

"आन् खालचा काय करतोय? भजी तळतोय? कुस्तीत त्वांड मिटायचं असतं. ह्याचं भाषण व्हईस्तवर म्या दोघास्नी लोळवून, आंघूळ करून आलो असतो."

मी तर अशा वेळी ताटावरून उठून टाळ्या वाजवायचाच बाकी असायचो. एकदा पेटीतल्या खेळाचं बोलणं निघालं. आडवा झालेला गडी परत उभा राहतो, हे आबांना काही केल्या पटेना. "पाठ लागली की संपलं. ह्ये उठतंय कसं?" साडू म्हणाले, "दुसरा राऊंड असतो, आबा. पट्टी परत भरून येती." आबा जरा वेळ गदेकडे बघत राहिले. "आमाला न्हाई दिला कुणी दुसरा राऊंड," म्हणाले, आणि तपकिरीची डबी उघडली.

गेल्या साली भाताची झोडणी चालली होती त्या सुमाराला आबांचे हात थरथरायला लागले. आधी कप हिंदकळायचा, मग घास. ताटातून उचललेला भात तोंडापर्यंत येईतो मांडीवर सांडलेला असायचा. ज्या हातांनी भलेभले उचलून आपटले, त्यांना चार शितं उचलवेनात. अक्का भरवायला बसल्या तर आबांनी ताट लोटून दिलं. "पैलवानाला भरवत्यात व्हय गं? मेल्यावर भरवा." चमचा दिला, तो भिंतीवर गेला. मग एक दिवस त्यांनी सरळ सांगितलं, की भूक नाही, आणि तेच रोज सांगायला लागले. दुधाच्या दोन घोटांवर दिवस निघायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात तीही किती सोसेल सांगता येत नाही. बायको फोनवर अक्कांशी बोलायची आणि दोघी बोलण्यापेक्षा रडायच्याच जास्त. एका संध्याकाळी फोन साडूंनी घेतला. "आबांची पट्टी लाल झालीया, पाव्हणं," म्हणाले. मी त्यांना झापलं. म्हटलं, पट्टी गेली खड्ड्यात, माणूस मरायला टेकलाय, डॉक्टर काय म्हणाले तेवढं सांगा.

रविवारी आम्ही गेलो. आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. खाटेवर पैलवान नव्हता, पैलवानाचं धोतर होतं म्हणा ना. अक्का पायथ्याशी इंद्रायणीचा मऊ भात दुधात कालवून बसलेल्या. आणि उशाशी, मांडीवर ते खोकं घेऊन, आमचे साडू आबांच्या पाठीला पुस्तक वाचून दाखवत होते. आठवडाभर म्हणे हाच उद्योग चालला होता. "आता त्यानं डोंगूर परत जोडला, आबा. आता त्यो लंगडा गडी उठला." माझं डोकं फिरलं. घरात ही वेळ, आणि हा माणूस चित्रातल्या भुतांच्या गप्पा मारतोय! पंगत नव्हती, जेवण नव्हतं, पण माझा एक्का हातातून सुटलाच.

"पुरे करा भाऊ! ती पुस्तकं उलटी वाचताय तुम्ही. इतकी वर्षं उलटी वाचताय! जपानी लोक उजवीकडून वाचतात. तो डोंगर जोडत नाही, फोडतो. आधी पोरगा असतो, तो वाढतो, जिंकत जातो, मग मोठा होतो. तुमचं सगळं शेवटाकडून चाललंय!"

साडूंनी पुस्तकाकडे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. मला पट्ट्या दिसत नाहीत, पण त्या क्षणी त्यांची दिसली असती तर लालच असती. मी इतकी वर्षं जपून ठेवलेला विजय तो हाच, आणि त्यात मला काडीचीही गोडी लागेना.

तेवढ्यात आबा वळले. सावकाश, हातावर जोर देत. "काय म्हणलात, पाव्हणं? सुलटं वाचलं तर पोरगं मोठं व्हतं?"

"हो, आबा."

"रेवड्या, नारळ, फेटा, गदा," आबा पुटपुटले. मग मान हलवून म्हणाले, "त्ये झालं माझं." आणि साडूंकडे तोंड करून: "तू वाच रं. गदेच्या फुडचं सांग."

साडूंनी खोक्यातलं सगळ्यात खालचं, म्हणजे त्यांच्या वाचनातलं शेवटचं पुस्तक काढलं आणि डावीकडूनच उघडलं. "फुडं... फुडं ताकद उतरली त्याची. फेट्याच्या जोडीचा ऱ्हायला."

"आन्?"

"आता नारळावरचा झाला. दंड बारीक झालं."

"मंग रेवड्यांवर आला असंल."

"आला, आबा. आन् मंग घरी आला. आय भात भरवतीया."

आबांनी हात पुढे केला. तो थरथरणारा हात पुस्तकापर्यंत पोहोचेना, म्हणून साडूंनी पुस्तक हाताखाली नेलं. आबा बराच वेळ चित्र बघत होते. "कशानं भरवतीया?"

"दोन काड्यांनी."

"सांडत न्हाई?"

"न्हाई. ह्यो त्वांड उघडतोय ना."

आबांनी मान वळवून अक्कांकडे पाहिलं. "तू हातानंच भरव," म्हणाले. "काड्या-बिड्या नगं."

अक्कांनी घास उचलला. आबांनी तोंड उघडलं. साडूंनीही सवयीनं मोठा श्वास भरून तोंड उघडलं. आता हे काहीतरी अचाट नाव ओरडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी तोंड मिटलं. माझ्या माहितीत साडूंनी कशालाही नाव न देता होऊ दिलं, ते हे एवढंच. माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली आणि मी ओसरीवर येऊन उगाच चपला सरळ केल्या.

पुढचं भात निसवून लोंब्या धरेपर्यंत आबा अक्कांच्या हातून जेवले. रोज दुपारी ते पान समोर धरावं लागे, तेवढी एक सवय राहिली. मग एके दिवशी जेवून झोपले ते उठले नाहीत. तेरावं झाल्यावर आम्ही तळेगावला निघालो, तेव्हा साडू गाडीपर्यंत आले. माझ्या डोक्याच्या वर त्यांनी पाहिलं, पण पट्टीचं काही बोलले नाहीत. हळूच म्हणाले, "पाव्हणं, खरंच उलटी असत्यात का ओ ती?"

"हो, भाऊ."

"मंग ह्ये तुमी ठेवा. तुमाला सुलटं वाचता येतंय." आणि ते सगळ्यात खालचं पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं.

साडूंबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. परवाच त्यांनी "वज्रमुष्टी" म्हणून नारळ हातानं फोडायला घेतला आणि आता मनगट बांधून फिरताहेत. धारा अक्का काढताहेत. त्या हवेत लटकून भाषणं ठोकणाऱ्या महाबलींबद्दलही माझं मत आबांचंच आहे. पण ते पुस्तक मी कधीकधी काढतो. जसं वाचायचं तसं, उजवीकडून वाचलं, तर पहिल्या पानांत पोर आईच्या हातून भात खातं, बोचकं उचलतं आणि निघून जातं. आई दारात उभी राहते. पुढे ते पोर केवढंही मोठं होवो, त्या अख्ख्या पुस्तकात आई पुन्हा दिसत नाही. साडूंसारखं वाचलं, तर ती दारात उभी असते, पोर लांबून चालत येतं, बोचकं खाली ठेवतं आणि जेवायला बसतं. मी आता ते डावीकडूनच उघडतो.